देदेईची मान

आक्रा शहरातल्या कोळीवाड्यात पोरगं चालायला लागलं की मुठी वळतं. देदेईनंही वळल्या, घरोघर पाणी पोचवता पोचवता. बॉक्सिंगच्या स्पर्धेत नाव द्यायला ती डोक्यावर पाण्यानं भरलेलं घमेलं घेऊनच आखाड्यात शिरली.

संघटनेचे अध्यक्ष ओडोईसाहेब खेकसले, "पोरी, हा पुरुषांचा खेळ! एक ठोसा बसला की बाईची मान मोडते."

सगळे बॉक्सर फिदीफिदी हसले. देदेईनं घमेलं उतरवलं. "मग पुरुषाची मान दाखवा, साहेब. हे डोक्यावर घेऊन दारापर्यंत जा, मी मुकाट घरी जाते. चुंबळ देऊ?"

"चुंबळ बायकांना लागते!"

दोघा बॉक्सरांनी घमेलं साहेबांच्या डोक्यावर चढवलं. पहिल्या पावलाला साहेबांची मान डुगडुगली, दुसऱ्याला कोट भिजला, तिसऱ्याला घमेलं धाडकन खाली! आखाडा शिट्ट्यांनी दणाणला.

देदेईनं कोरडी चुंबळ उलगडून पुढे केली. "तोंड पुसा, साहेब, आणि माझं नाव लिहा. हे ओझं मी सातव्या वर्षापासून वाहतेय. आता ही मान मोडणारी कुणी असेल, तर धाडा तिला रिंगणात!"