दुभाषी शारंगधर आणि अडलेले राज्य

एका राज्यात पृथुसेन नावाचा राजा होता, आणि त्याच्या दरबारी शारंगधर नावाचा दुभाषी होता. साऱ्या दुनियेच्या भाषा येतात असे सांगून त्याने ती जागा मिळवली होती. आंग्लदेशाची भाषा मात्र त्याने बंदरावर खलाशांच्या तोंडून ऐकली होती, इतकेच.

एके दिवशी त्या देशाची मार्था नावाची मांत्रिकीण दरबारात आली. राणी मृगावतीला तेव्हा दिवस गेले होते. मार्थाने राणीपुढे एक झाकलेली बरणी ठेवली आणि हसून काही बोलली. शारंगधराला त्यातला एकच शब्द कळला, ‘जाम’. दोरखंड अडकला की खलाशी हाच शब्द ओरडत.

“काय म्हणते ही?” राजाने विचारले.

ठाऊक नाही म्हणावे, तर भर दरबारात मान खाली जाणार. शारंगधर म्हणाला, “महाराज, ही धमकी देते. म्हणते, तुमचे सारे अडकवून टाकीन.”

राजाने बरणी फोडायला लावली आणि मार्थाला अनवाणी वेशीबाहेर हाकलले. तिथे ती वळली. “माझ्या शब्दाचा जो अर्थ लावलात, तोच तुमच्या वाट्याला येवो!” हे मात्र साऱ्यांना कळले. शाप ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू येतो.

तत्क्षणी वेशीचा दरवाजा अर्धवट अडकला. दळणाची जाती थांबली, रहाट थांबले, नदीचे पाणी वळणावर उभे राहिले. राणीचे दिवस भरले, उलटूनही गेले. कळा येत आणि विरून जात, पण मूल जन्माला येईना. सुइणींनी हात टेकले.

लोक मार्थाला शिव्याशाप देत. शारंगधराची बायको म्हणे, “तुम्ही तिची धमकी ओळखलीत म्हणून बरं!” आणि त्याचा घास तोंडातच फिरे. शेवटी त्याला राणीचे कण्हणे ऐकवेना. महालाच्या सज्ज्यावरून साळुंकी बोलली, “दुभाष्या, मार्था डोंगरापलीकडे आहे. खोटे तू बोललास, तूच जा.”

मार्थाकडे जातो एवढेच राजाला सांगून तो वेशीच्या दरवाज्याच्या फटीतून अंग चोरून निघाला आणि डोंगरापलीकडे पोचला. मार्था मंत्रबळाने त्याच्याच भाषेत म्हणाली, “तीन कामे कर. मग बोलू.”

आधी तिने त्याला करवंदे साखरेत शिजवायला लावली. ढवळता ढवळता त्याचे हात पोळले. पाक घट्ट झाला. “चाख. हा जाम. राणीची गोड बातमी ऐकून हाच आणला होता.” शारंगधराने बोट पाकात बुडवले, पण ते त्याला तोंडात घालवेना.

मग तिने त्याला खिंडीत नेले. तिथे शेळ्यांचा कळप असा दाटला होता की करडे चेंगरत होती. त्याने एकेक शेळी मागे ओढून वाट मोकळी केली. “ही दाटीसुद्धा जाम.”

शेवटी झाडाखाली अनोळखी वादक जमले. ना ठरलेला राग, ना ठरलेला ताल. एकाने सूर टाकावा, दुसऱ्याने उचलावा. “बस त्यांच्यात.” शारंगधर बेसूर गायला. कोणी हसले नाही. बासरीवाल्याने तो चुकलेला सूरही सांभाळून घेतला. “हाही जाम. तुला यातला कोणता ठाऊक होता?”

“कोणताच नाही. मला अडकण्याचा तेवढा माहीत होता, तोही ऐकीव.”

“मग तसे का नाही सांगितलेस?”

“लाज वाटली.”

“आणि आता?”

“आता जास्त वाटते.”

“जिथे खोटा अर्थ सांगितलास, तिथेच खरा सांग,” मार्था म्हणाली. “शाप सुटायचा तो तिथेच.”

तो परतला. राजा धावतच सामोरा आला. “शारंगधरपंत, जिंकलेत तिला?” दरबारी जयजयकार करू लागले. नुसती मान हलवली असती, तरी तो वीर ठरला असता.

त्याने पागोटे उतरवून खाली ठेवले. “महाराज, तिने राणीसाहेबांसाठी गोड खाऊ आणला होता. मला तो शब्द ठाऊक नव्हता. मी रचून सांगितले.”

राजाने तोंड फिरवले. “आणि मी तिला अनवाणी हाकलली,” तो पुटपुटला.

तेवढ्यात आतून तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू आले. मागोमाग रहाट करकरले, नदी वाहू लागली.

राजा स्वतः पायी जाऊन मार्थाला सन्मानाने घेऊन आला. शारंगधराने जागा सोडण्याची परवानगी मागितली. राजा म्हणाला, “सोडून सुटू नका. राहा.”

राज्य पुन्हा चालू लागले. पुढे एका परदेशी राजाचा वकील दरबारात आला आणि बोलता बोलता एक नवाच शब्द बोलून गेला. सारे शारंगधराकडे पाहू लागले. त्याचे कान तापले.

“महाराज, हा शब्द मला येत नाही.”

“मग त्यांनाच विचारा,” राजा म्हणाला. “आम्ही थांबतो.”