पुस्तकांमागची बाटली

"भन्ते, मी हे चीवर उतरवून घरी परत जाऊ का?"

नवशिका भिक्षू, श्रामणेर विनयबोधीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. वृद्ध भन्ते धम्मसार विहाराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"इंदुबाई कशी आहे?"

"शुद्धीवर आली. सलाईन चालू आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर..."



गेल्या पौर्णिमेच्या प्रवचनात तो छाती फुगवून म्हणाला होता, "माझा दमा ध्यानानं गेला. औषध सुटलं." लोकांनी 'साधू, साधू' म्हटलं होतं.

इंदुबाई गोंडाणे पहिल्याच ओळीत होती. तिलाही दमा, आणि आठ महिन्यांपासून त्याच्यासारखंच स्टेरॉइडचं पातळ औषध. घरी जाऊन तिनं बाटली मोरीत ओतली. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, डोकं गरगरायला लागलं, आणि नळावर घागर उचलता उचलता ती कोसळली. हे औषध असं एकदम तोडायचं नसतं, डॉक्टर सांगतील तसं थोडं थोडं उतरवायचं असतं. तिला ते माहीत नव्हतं. विनयबोधीला माहीत होतं.

"तू कधी सोडलंस?" भन्तेंनी विचारलं.



"...सोडलं नाही."

"बाटली कुठं असते?"

"कपाटात. पुस्तकांच्या मागे."

"किती घेतोस?"

"कुणी येईल म्हणून... तशीच तोंडाला लावतो. अंदाजानं."

भन्ते उठून आत गेले. बाटली घेऊन आले आणि तिच्यावरचं मापाचं टोपण त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवलं.

"उद्यापासून यानं घे. आणि इंदुबाई घरी आली, की त्या रविवारी ही बाटली घेऊन सगळ्यांपुढे बस."

दोन आठवड्यांनी तो रविवार आला. इंदुबाई लेकीच्या आधारानं आली, भिंतीला टेकून बसली.

"मी खोटं बोललो," विनयबोधी म्हणाला. "औषध मी रोज घेत होतो. आजही घेतो."



"मंग मले काहून नाही सांगितलं, भन्तेजी?" इंदुबाईचा आवाज बारीक होता. "मी तं तुमच्या भरोशावर ओतलं ना."

"मला... मोठं दिसायचं होतं, बाई."

त्यानं बाटली उघडली. त्याची नजर जमिनीवरून हलेना. पण टोपण डोळ्यांसमोर धरल्याशिवाय त्यावरची रेघ दिसत नव्हती. त्यानं ते वर धरलं. टोपणापलीकडे इंदुबाईचा चेहरा होता. औषध ओतताना चार थेंब बाहेर सांडले. त्यानं ते पुसले, पुन्हा नीट रेघेपर्यंत भरलं, आणि ओठांशी नेलं.

भन्तेंनी त्याचं मनगट धरलं.

"सकाळपासून काही खाल्लंस?"

"नाही, भन्ते. प्रायश्चित्त म्हणून कालपासून..."

"हे उपाशीपोटी घ्यायला सांगितलंय?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

भन्तेंनी उपासकांनी आणलेलं वरण-भाताचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"मग जेव," ते म्हणाले. "सगळ्यांदेखत."