एस्तेरची पाळी

मयताच्या प्रार्थनेत बायबलातलं दाविद राजाचं स्तोत्र पाळीपाळीनं वाचायचं, प्रत्येकानं एकेक वचन, ही चर्चच्या मंडळीची रीत. नवऱ्याच्या खुनाची शिक्षा भोगून एस्तेर परतली आणि आठवड्यातच तिची लेक गेली. आज त्या लेकीच्याच मयताची प्रार्थना होती.

पाळी एस्तेरपाशी आली, तसे मंडळीचे पंच शांतवनराव कडाडले, "खुनी तोंडानं देवाचं वचन वाचायचं नाही!"

एस्तेरनं पुस्तक मिटलं नाही. "पंच, दाविदानंही एका बाईचा नवरा ठार करवला होता. तरी देवानं आपलं वचन त्याच्याच तोंडी घातलं. तुम्ही काय देवापेक्षा सोवळे?"

एस्तेरनं वचन वाचलं. पुढची पाळी शेजारणीची होती, पण तिनं आपलं पुस्तक मिटलं. तिच्या पुढच्यांनीही.

लेकीचं ते स्तोत्र शेवटी आईनं एकटीनंच संपवलं.