बाहेरचा शंख

त्या राज्याला भिंत नव्हती. काळ्या खडकांचं एक कडं होतं आणि त्याला समुद्राच्या बाजूने एकच फट होती. भरतीबरोबर आत यायला कोणालाच मनाई नव्हती. मात्र ओहोटी लागली की बाहेरून आलेल्याने पाण्याबरोबर बाहेर पडायचं, असा नियम होता. आतलं कोण आणि बाहेरचं कोण, हे शंखावरून ठरे. शंखखेकड्याला पाठीवर स्वतःचं कवच नसतं. मेलेल्या गोगलगायीचा शंख तो घर म्हणून पाठीवर वागवतो. राज्यातल्या गोगलगायींचे शंख पांढरे, तांबूस पट्ट्याचे असत. तो पट्टा ज्याच्या पाठीवर, तो आतला. बाकी सारे बाहेरचे. खूण सोपी होती, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी फारसा विचार करत नसे.

सुरंगी अशीच एका भरतीला आत आली. तिचा शंख तपकिरी होता आणि त्यावर एक समुद्रफूल बसलेलं होतं. समुद्रफूल दिसायला फूल, पण असतो तो डंख मारणारा जीव. ते पाठीवर असलं की ऑक्टोपस जवळ फिरकत नाही. खडकावरचं फूल न दुखावता सोडवायचं आणि नांगीने हळूहळू थोपटत त्याला शंखावर बसायला राजी करायचं, ही विद्या सुरंगीच्या किनाऱ्यावर घरोघरी होती, त्यामुळे तिथे तिला विचारणारं कोणी नव्हतं. इथे कड्याच्या कपारींत ऑक्टोपस राहत होते आणि एकाही पाठीवर फूल नव्हतं. पहिल्या फेरीतच सुरंगीच्या हे लक्षात आलं. आपलं दुकान चाललं तर इथेच चालेल, असं तिच्या मनाने घेतलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून भागी आली. ती तिथलीच, जरा बडबडी शंखखेकडीण होती. "लावून दे गं बाई," ती म्हणाली. "मागच्या उधाणात ऑक्टोपसने माझी बहीण नेली. तेव्हापासून मी कपारीजवळून जातच नाही."

सुरंगीने फूल निवडलं, सोडवलं, भागीच्या शंखावर टेकवलं. पण टेकवलेलं फूल लगेच धरत नाही. एक भरती, एक ओहोटी त्याच्याजवळ बसून राहावं लागतं. ते घसरू लागलं की पुन्हा थोपटावं लागतं. फुलाचा तळ कुठे चिकटू लागला होता, तोच फटीकडून हाक आली, "बाहेरचे शंख बाहेर!"

हाक दाजीची होती. दाजी म्हणजे फटीवरचा दरवान, मोठ्या नांगीचा म्हातारा चिंबोरा खेकडा.

"दाजी, एवढी एक ओहोटी राहू द्या," सुरंगी म्हणाली. "फूल धरत आलंय."

"बाई, मी फूल बघत नाही, शंख बघतो," दाजी म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

सुरंगी बाहेर गेली. पुढच्या भरतीला आली तेव्हा फूल गळून पडलेलं होतं आणि भागी फुरंगटली होती. तिने पुन्हा लावलं, ते पुन्हा गळलं. दुसऱ्यांच्या शंखांवरही तेच झालं. हळूहळू राज्यात बोललं जाऊ लागलं, की बाहेरच्यांची फुलं आपल्या पाण्याला धरत नाहीत.

तेव्हा सुरंगी कालवबाईंकडे गेली. राज्यातले सगळे अर्ज त्यांच्याकडे जात. त्या जन्मापासून एका खडकाला चिकटलेल्या होत्या. कोणी अर्ज केला की वाळूचा एक कण त्या शिंपल्यात ठेवून घेत. काही अर्ज इतके जुने झाले होते, की त्यांचे मोती झाले होते.

"मला ओहोटीत आत राहायचंय," सुरंगी म्हणाली.

"आतला शंख आहे?"

"नाही. तोच मागायला आलेय."

"आतला शंख आतल्यांना मिळतो. बाहेरच्यांना द्यायचा तर इथे त्यांचा चालता धंदा असावा लागतो."

"धंदा चालायला मला ओहोटीत राहावं लागेल."

"मग राहायची परवानगी काढा," कालवबाई म्हणाल्या. इतक्यात वरून एका माशाची सावली गेली आणि त्यांनी शिंपला मिटून घेतला. अशी सावली वरून गेली की त्या नेहमीच मिटत, आणि पुन्हा कधी उघडतील ते कोणाला सांगता येत नसे.

कालवबाईंच्या खडकाखाली बाबल नावाचा एक निवटा मासा पडून असायचा. निवट्याला पाणीही चालतं आणि चिखलही, त्यामुळे त्याला भरती-ओहोटीचा नियम लागत नसे. अडलेल्यांना वाट दाखवणं हेच त्याचं काम होऊन बसलं होतं.

"थोरल्यांनी एक सवलत ठेवलीय," तो म्हणाला. थोरले म्हणजे राज्याचे प्रमुख, आकाराने सगळ्यांत मोठा शंखखेकडा. शंखाचा नियम त्यांच्याच घराण्याने घातला होता. "आतल्या दोघांनी सांगायचं, की हिचं काम राज्याला हवंय. मग बाई कण ठेवून घेतात."

भागीने सांगितलं. "फूल पडतं, हे खरं," ती कालवबाईंना म्हणाली, "पण हिचा हात चांगला आहे. पडतं ते तुमच्या ओहोटीमुळे." दुसरं नाव बाबलने आणलं. कण शिंपल्यात गेला. सुरंगी दर भरतीला आत येई, विचारी आणि ओहोटीला बाहेर जाई. बाहेरच्या वाळूत तिच्यासारखे आणखीही होते. तिथे कोणी एकमेकांना गाव विचारत नसे; कण कधी टाकला, एवढंच विचारी.

एका भरतीला कालवबाई म्हणाल्या, "मंजूर झालंय. पण बाहेरचा शंख आत असताना आतला देता येत नाही. तेव्हा पाणी उतरलं की जुना शंख खडकापलीकडे ठेवायचा आणि तशीच आत यायचं."

"तशीच म्हणजे?"

"शंखाशिवाय."

सुरंगी बाबलकडे धावली. शंखाबाहेर शंखखेकड्याचं पोट उघडं पडतं. मऊ, ओलं, कोणीही टिपावं असं. आणि पाणी उतरलं की त्या खडकावर कुरव पक्षी फिरत.

"सगळे असंच करतात," बाबल म्हणाला.

"आणि वाचतात?"

बाबलने विचार केला. "आत जेवढे भेटले, तेवढे सगळे वाचलेले होते."

पाणी उतरलं. सुरंगीने तपकिरी शंख खडकाच्या आडोशाला ठेवला. त्यातून बाहेर पडायला तिला वेळ लागला; इतक्या वर्षांत तिच्या पोटाला त्या शंखाचा पीळ पडला होता. तिने त्यावरचं फूल सोडवलं आणि पोटावर लपेटून घेतलं. फुलाला आपलं-परकं कळत नाही. ते तिलाही डसलं. ती चालत राहिली. ऊन थेट कातडीला लागत होतं आणि शेवाळाचा प्रत्येक खरखरीत कोंब जाणवत होता. अर्ध्या वाटेवर कुरव उतरला. त्याने चोच घातली, चोचीत फूल आलं, आणि तो डोकं झटकत उडाला. फूल त्याच्याबरोबर गेलं. उरलेला खडक सुरंगीने कसा पार केला, हे तिला पुढे कधी आठवलं नाही.

फटीत दाजी उभा होता.

"कोण?"

"सुरंगी. मंजुरी झालीय माझी."

"मंजुरी तपकिरी शंखाच्या सुरंगीची आहे. तुझा शंख कुठाय?"

"बाहेर ठेवलाय. तसंच सांगितलंय."

"मग तू तीच, हे मी कशावरून ओळखू?"

"परत जाऊन घालून येऊ?"

"घालून आलीस तर बाहेरच्या शंखाची झालीस. ओहोटीत आत घेता येणार नाही."

हेही तो शांतपणे म्हणाला. खडकावरून पुन्हा पंखांची सावली सरकली. सुरंगीला रडू आलं नाही. तेवढी सवड नव्हती.

"दाजी, रोज तुम्ही मला बाहेर काढता. रोज मी तुमच्याशी बोलते. आवाज तरी ओळखा."

"आवाजाबद्दल काही नियम नाही," दाजी म्हणाला. "ओळखावा असा नाही, आणि ओळखू नये असाही नाही." आणि तो एक पाऊल बाजूला सरकला.

आत कालवबाईंच्या खडकाशी तिच्यासाठी शंख काढून ठेवलेला होता. पांढरा, तांबूस पट्ट्याचा. त्याच्या पाठीवर एक गोल पुसट डाग होता. एखादं फूल अर्धवट धरून गळलं, की त्याच्या तळाचा असाच डाग राहतो.

"हा भागीचा आहे," सुरंगी म्हणाली.

"होता," कालवबाई म्हणाल्या. "कालच रिकामा झाला. ऑक्टोपसने धरलं तिला. एरवी मंजुरीनंतरसुद्धा शंखासाठी थांबावं लागतं. तुमचं नशीब चांगलं."

सुरंगी त्या शंखाकडे बघत उभी राहिली. पण तिचं पोट उघडं होतं आणि कपारी जवळ होत्या. ती आत शिरली. शंख तिला घट्ट होत होता.

त्यानंतर फुलं धरू लागली. ओहोटी लागे, दाजीची हाक येई, आणि सुरंगी गिऱ्हाइकाच्या पाठीशी बसून फूल थोपटत राही. पहिलं फूल तिने भागीच्या मुलीला लावलं, आणि ते नीट धरल्यावरही आणखी एक ओहोटी ती मुलीजवळून हलली नाही. पाठीपाठीवर फुलं दिसू लागली. ऑक्टोपस कपारींतून निघून दुसरीकडे गेले. बाहेरच्यांची फुलं आपल्या पाण्याला धरत नाहीत असं म्हणणारे आता म्हणू लागले, की आपल्या पाण्याचा गुणच तसा आहे.

थोरल्यांनी मात्र फूल लावून घेतलं नाही. त्यांची अडचण वेगळी होती. ते वाढतच गेले होते आणि त्यांच्या मापाचा शंख राज्यात उरला नव्हता. जुन्या शंखात त्यांचं निम्मं अंग मावत नव्हतं, पण हे बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती.

मग वादळ झालं. दोन दिवस समुद्र कड्यावरून आत कोसळत राहिला. तो निवळला तेव्हा फटीच्या तोंडाशी एक प्रचंड शंख येऊन पडलेला होता. निळसर करडा, असा कोणी पूर्वी पाहिलेला नव्हता. भरती होती. बातमी पसरली तसे शंखखेकडे जमले आणि कोणी न सांगता मापाप्रमाणे ओळीत लागले. अशा वेळी त्यांची जातच तशी वागते: मोठा शंख रिकामा मिळाला की प्रत्येक जण पुढच्याचा शंख धरतो, आणि पुढचा निघाला की त्याच्या जागी शिरतो. सर्वांत पुढे थोरले होते. मध्ये कुठेतरी सुरंगी होती. तिच्या मागे भरतीबरोबर आलेला, हिरव्या शंखाचा एक परका होता आणि त्याच्यामागे भागीची मुलगी. ओळ फटीतून पार बाहेरच्या वाळूपर्यंत गेली होती.

थोरले शंखातून निघाले. त्यांच्यामागोमाग सगळे निघाले. एका क्षणापुरतं त्या पाण्यात कोणाच्याही पाठीवर काही नव्हतं. सुरंगीने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. फिकट गुलाबी, एका बाजूला वळलेली पोटं, एकामागे एक, वाळूपर्यंत. मग शंख पुन्हा भरले. सुरंगीला आता ऐसपैस शंख मिळाला होता. भागीचा शंख त्या परक्याच्या पाठीवर होता, आणि त्याचा हिरवा शंख भागीच्या मुलीच्या.

पाणी उतरू लागलं. दाजी रोजच्या जागी आला आणि त्याने रोजची हाक दिली. त्याच्या अगदी समोर, फटीच्या तोंडाशी, निळसर करड्या शंखात थोरले बसले होते. किती तरी दिवसांनी त्यांचं सगळं अंग आत मावलं होतं. दाजीने बाहेरची वाट दाखवायला नांगी उचलली. ती तशीच उचललेली राहिली, आणि दोघांच्या मधलं पाणी बाहेर वाहत राहिलं.