लांब नाकाची गाडी

“...मग इंजिन मागे का न्यायचं नाही, एवढं तरी सांगा!”

शाल्मली बिडकरनं नव्या गाडीचा नकाशा टेबलावर पसरला. वादाचा आठवडा तिसरा होता आणि नकाशाही तिसरा.

ओरेस्ते पाव कॉफीत बुडवून खात होते. नकाशावर सांडू नये म्हणून त्यांनी पेला तेवढा बाजूला सरकवला.

उत्तर इटलीतल्या त्या छोट्या मोटार कारखान्यात त्यांना सगळे मास्तरच म्हणत. बारा सिलिंडरचं इंजिन लांबलचक बॉनेटखाली, पुढच्या चाकांच्या जरा मागे बसवायचं आणि गिअरबॉक्स पार मागच्या चाकांपाशी न्यायचा, म्हणजे वजन दोन्हीकडे तोललं जातं. ही विद्या त्यांनी चाळीस वर्षं जपली होती.

शाल्मली मिरजेची. पुण्यात शिकून इथे आली आणि दोन वर्षांत नव्या गाडीच्या स्टिअरिंगची रचना तिच्याकडे सोपवली गेली. गणितात तिचा हात धरणारं कारखान्यात कुणी नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं... जरा जास्तच.

अडचण एकच होती. नवी गाडी वळणात शिरताना बिचकायची. चाचणी घेणारे चालक कुरकुरत परत येत. सोमवारी मालक ठरवणार होते, गाडी बनवायची की गुंडाळून ठेवायची.

“दोष उघड आहे, मास्तर. एवढं जड धूड पुढे, त्यात हे लांब नाक. वेगाच्या मागे लागलेले सगळे कारखाने इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवतात. मी आकडे मांडून दाखवते...”

“हं.”

“हं म्हणजे काय?”

ओरेस्तेंनी शेवटचा घास संपवला, हात पुसले आणि खुंटीवरची किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

“चल.”

कारखान्यामागच्या चाचणीच्या रस्त्यावर लाल शंकूंची रांग मांडलेली होती. शाल्मली चालकाच्या जागेवर बसली. ओरेस्ते शेजारी बसले, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले.

“इंजिन मागे हवंय ना तुला?”

“हो.”

“मग रिव्हर्स टाक.”

...

म्हातारा थट्टा करतोय, असं तिला वाटलं. तिनं वळून पाहिलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

“शंकूंमधून. त्या टोकापर्यंत.”

तिनं दात आवळले आणि गाडी उलटी सोडली. पहिला शंकू निभावला. दुसऱ्यापाशी तिनं स्टिअरिंग जरासं फिरवलं, तर ते लांब नाक सपकन एका बाजूला फेकलं गेलं. सावरायला उलटं फिरवलं, तर दुसऱ्या बाजूला. तिसरा शंकू चाकाखाली गेला. चौथ्यापाशी गाडी गर्रकन फिरली आणि रस्त्यावर आडवी उभी राहिली. रबराचा जळका वास आत आला.

“पुन्हा,” ओरेस्ते म्हणाले.

पुन्हा तेच. दूर उभे असलेले मेकॅनिक आता काम सोडून बघत होते. शाल्मलीचे कान तापले.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा तिनं डोक्यातलं गणित सोडून दिलं. दुधानं काठोकाठ भरलेलं पातेलं उचलावं, तसं स्टिअरिंग धरलं. हवं वाटत होतं त्याच्या निम्मंच वळवलं. थांबली. गाडीला वळू दिलं. मग पुढचा शंकू... मग त्याच्या पुढचा.

नाक गुमान मागोमाग आलं. एकही शंकू हलला नाही.

रस्त्याच्या टोकाला तिनं गाडी थांबवली आणि आपल्या हातांकडे पाहिलं.

“मी निम्मंच वळवलं.”

“हं.”

“म्हणजे इंजिनाचा दोष नाही. स्टिअरिंग फार तिखट आहे, जरा फिरवलं की गाडी जास्तच वळते. ते तसं मीच केलंय. नाक लांब आहे, ते चालकाला जाणवू नये म्हणून. गाडी आखूड भासावी म्हणून.”

“गाडीला नाकाची लाज नव्हती,” ओरेस्ते म्हणाले.

त्याच दुपारी शाल्मलीनं आपला स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दातेरी दांडा, काढायला लावला आणि कोठारातून जुन्या गाडीचा सौम्य रॅक आणवला. मेकॅनिकांबरोबर ती स्वतः गाडीखाली शिरली. दोन दिवस तिनं एकही नकाशा उघडला नाही.

शनिवारी ब्रुनो नावाचा चालक, सगळ्यांत जास्त कुरकुरणारा, चार फेऱ्या मारायला म्हणून गेला आणि बारा मारून आला. उतरल्यावर किल्ली परत देईना.

सोमवारी मालकांनी होकार दिला. गाडी होणार होती, आणि इंजिन पुढेच राहणार होतं.

सगळे पांगल्यावर शाल्मलीनं ओरेस्तेंना अंगणात गाठलं. ती हसत होती, पण एक काटा अजून सलत होता.

“मास्तर, खरं सांगा. स्टिअरिंगचं तुम्हाला आधीच कळलं होतं?”

“चाचणीच्या पहिल्याच फेरीत.”

“मग तीन आठवडे सांगितलंत का नाही?”

ओरेस्तेंनी कोटाची बटणं लावली. एक... दोन... तीन.

“तीन आठवडे तू बोलत होतीस.”