एका घरात एकच राणी

घाटाच्या अगदी कडेला, जांभळीच्या दाट रानात एक वाडी होती. तिथे गऊबाई नावाची एक विधवा आपला मुलगा शिदू आणि सून साळू यांच्यासोबत राहायची. तिच्या पडवीच्या भिंतीत मातीची मडकी आडवी बसवलेली होती, आणि त्यांत सातेरी जातीच्या मधमाश्या नांदत होत्या. मडक्याच्या बुडाला बोटभर भोक, तोंडाला लाकडी झाकण. भोकातून माश्या ये-जा करायच्या आणि झाकण काढून गऊबाई मध घ्यायची. तिच्या मधाचं पंचक्रोशीत नाव होतं, आणि तिच्या तोंडाचंही.

त्या वाडीत 'वेगळं' हा शब्द फार जपून वापरत. ताट वेगळं घ्या, शेळी वेगळी बांधा, इथवर ठीक होतं. पण एखादं घर 'वेगळं निघालं' असं म्हणायची वेळ आली, की बायका आवाज खाली आणायच्या, जणू त्या घरात कोणी दगावलंच होतं. वेगळ्या निघालेल्यांच्या दारावरून जाताना माणसं उगाच दुसरीकडे बघत. गऊबाईच्या घराण्यात आजवर कोणी वेगळं निघालं नव्हतं. ही गोष्ट ती आल्यागेल्याला पाण्याच्या तांब्याआधी सांगायची.

माश्यांनाही तिचा हाच कायदा होता. रान फुललं की मडकं भरतं आणि माश्या त्यात मावेनाशा होतात. मग पोळ्याच्या खालच्या कडेला त्या एक निराळंच घर बांधतात, भुईमुगाच्या शेंगेएवढं, खाली तोंड करून लोंबणारं. त्यात नवी राणी वाढते. ती वाढली की पोळं फुटतं आणि अर्ध्या माश्या वेगळ्या निघतात. हे सगळं त्या तरण्या राणीचं कारस्थान, तीच माश्यांना फितवून नेते, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. डोळ्यांनी बघितलेलं कोणी नव्हतं, पण ठाऊक मात्र सगळ्यांना होतं. म्हणून दर फाल्गुनात गऊबाई धूर करून मडक्यात हात घालायची आणि त्या शेंगा चाकूनं छाटून टाकायची.

"एका घरात एकच राणी," ती म्हणायची, आणि म्हणताना सुनेकडे बघायची.

साळूच्या माहेरीही मडकी होती. तिला माश्यांची भीती नव्हती. पण सासरी आल्यापासून तिला मडक्याला हात लावायची मुभा नव्हती. पिठाच्या डब्यालासुद्धा विचारूनच हात लावायचा. भाकरी किती थापायच्या, सणाला कोणतं लुगडं नेसायचं, माहेरी किती दिवस राहायचं, सगळं सासू ठरवायची. शिदू चांगला तरणाबांड गडी, पण बैलाला पाण्यावर कधी न्यायचं हेही आईनंच सांगायचं. गऊबाई काही दुष्ट नव्हती. सगळं नीट व्हावं एवढंच तिला वाटायचं. फक्त नीट म्हणजे काय, हे तिच्याशिवाय कोणाला कळत नाही असंही तिला वाटायचं.

साळूला दिवस गेले. वाडीत सगळ्यांना आनंद झाला, गऊबाईला तर सगळ्यांहून जास्त. नातवंडाचं नाव काय ठेवायचं, ते कुणाच्या मांडीवर कान टोचून घेईल, हे तिनं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी शिदू आईसमोर येऊन उभा राहिला.

"आये, आमी येगळं निघतू."

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई. पर पोरगं हितं झालं, तर तेबी तुला इचारूनच रडंल."

 गऊबाई एकदम कडाडली.

"जा. पर हात हलवत जा. ह्या घरातली काडी मिळायची न्हाई. आन् एकदा गेलास की माघारी यायचं न्हाई. नातवंडाचं तोंडबी दावू नगंस मला."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तिच्याच काळजात चर्र झालं. पण बोललेलं मागे घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिदूनं मान हलवली. खोऱ्यापलीकडे साळूच्या मामाचं गाव होतं, तिथं जायचं ठरलं. इतक्या लांबचं नातवंड आजीला ओळखणारही नाही, हे गऊबाईला कळत होतं. तिला घास गोड लागेना. ती रोज मनाशी म्हणायची, आज थांबवावं. आणि रोज तोंड मिटून बसायची. त्या फाल्गुनात ती मडक्यांकडे फिरकलीच नाही.

चैत्रातल्या एका सकाळी शिदूनं गाठोडं बांधलं. ऊन चांगलं वर आलं होतं. साळू सासूच्या पाया पडायला वाकली, तेवढ्यात पडवीतून आवाज येऊ लागला. घरोघरची दळणाची जाती एकदम फिरवावीत तसा तो आवाज होता. तिघंही पडवीकडे धावली.

कडेच्या मोठ्या मडक्यातून माश्या बाहेर पडत होत्या. एकेक करून नव्हे. भोकातून त्या पाण्यासारख्या वाहत होत्या, एकमेकींच्या अंगावरून, खालून, मधून. बोटभर भोक ते, आणि त्यातून निघालेल्यांनी बघता बघता सगळं अंगण भरलं. डोक्यावरचं आभाळ तपकिरी झालं. शिदूच्या खांद्यावर, साळूच्या पदरावर, गऊबाईच्या पांढऱ्या केसांवर माश्या टेकत होत्या आणि उडत होत्या, पण एकही चावत नव्हती. गऊबाईनं सारा जन्म माश्यांत काढला होता. असं तिनं कधी बघितलं नव्हतं, कारण असं होऊ द्यायचं नाही म्हणून तर ती दर वर्षी चाकू चालवत आली होती. तिच्या अंगावर काटा आला.

माश्या अंगणापलीकडच्या आंब्याकडे सरकल्या आणि एका खालच्या फांदीला धरून राहिल्या. एकीचे पाय दुसरीनं धरले, दुसरीचे तिसरीनं. थोड्याच वेळात तिथे हातभर लांबीचा घोस लोंबू लागला. तो सगळा जिवंत होता आणि आतून हळूहळू हलत होता.

गऊबाई भानावर आली. "टोपली आण," तिनं साळूला फर्मावलं. "तरणी राणी मधीच आसंल. तिला चिरडली की ह्या गुमान घरी जातील."

साळूनं घोसाखाली टोपली धरली. गऊबाईनं बाही वर केली आणि उघडा हात त्या घोसात घातला. आत ऊब होती, वासराच्या पोटाला हात लावल्यावर लागते तशी. माश्यांनी तिच्या हाताला वाट दिली. पोटभर मध पिऊन निघालेल्या माश्या त्या, त्यांना कुणाचा राग नव्हता. तिची बोटं चाचपडत आत गेली, आणि मधोमध, सगळ्यांनी कोंडाळं करून जपलेली राणी तिला सापडली. तिनं ती अलगद दोन बोटांत धरून बाहेर काढली, चिरडायला.

आणि ती बघतच राहिली. राणी म्हातारी होती. अंगावरची लव झडून ती काळी पडली होती. पंखांच्या कडा जुन्या लुगड्यासारख्या विरल्या होत्या. गऊबाई तिला ओळखत होती. मध काढताना कितीदा तरी तिनं तिला त्या मडक्यात फिरताना पाहिलं होतं.

"ही तर घरधनीण हाय," गऊबाई पुटपुटली.

"मग तरणी कुटं हाय?" शिदूनं विचारलं.

 राणीला गऊबाईनं परत घोसावर सोडलं आणि ती लगबगीनं पडवीत गेली. तिनं मडक्याचं झाकण काढलं. पोळी एकामागे एक लटकत होती, आणि वरच्या अंगाला मध काठोकाठ भरून त्यावर पांढऱ्या मेणाची झाकणं बसवलेली होती. खाली अंडी होती, अळ्या होत्या. अर्ध्या माश्या मागे राहिल्या होत्या आणि काहीच घडलं नसावं तशा आपापल्या कामाला लागल्या होत्या. अगदी कडेला ती शेंग लोंबत होती, यंदा छाटायची राहून गेलेली. तिचं टोक हलत होतं. आतून कोणीतरी ते गोल कुरतडत होतं.

शिदू आणि साळूही मागोमाग येऊन वाकून बघू लागली. डबीचं झाकण उघडावं तसं ते टोक उघडलं, आणि नवी राणी बाहेर आली. अंग अजून ओलसर, लव सोनेरी, पंख अख्खे. ती थोडा वेळ थबकली, मग भरलेल्या मधावरून चालू लागली. माश्यांनी तिला वाट दिली.

गऊबाईचे हात आपोआप जोडले गेले. हे सगळं घर त्या म्हातारीचं होतं. इथली प्रत्येक माशी तिच्या पोटची. तिच्या राज्यात थेंब थेंब साठवलेला हा मध. आणि जिचं तोंडही बघितलं नव्हतं त्या लेकीसाठी तिनं हे सगळं भरलेलं तसंच ठेवलं होतं. विरलेल्या पंखांनी, डोक्यावर छप्पर नसताना, उघड्या फांदीला जाऊन लोंबकळायचं ते तिनं आपल्या वाट्याला घेतलं होतं. गऊबाईला वाटलं, देवळात इतकी वर्षं हात जोडले, पण असं काही समोर दिसलं नव्हतं. मग तिला तो चाकू आठवला, आणि आपण इतके फाल्गुन काय छाटत आलो हे कळून तिला भडभडून आलं.

साळूनं काही न विचारता मडक्याचं झाकण परत बसवलं. गऊबाईनं ते पाहिलं. झाकण नीट बसलं होतं. काही सांगायची गरज नव्हती.

दोघींनी मिळून आंब्यावरचा घोस एका रिकाम्या मडक्यात उतरवला. मग गऊबाईनं कमरेला खोचलेली घराची किल्ली काढून साळूच्या हातात ठेवली.

"आत्या, हे काय?"

"पोटभर जेवाय घाल, पोरी. जाताना येवढंच न्यायचं आसतं."

"कुटं निघालीस?" शिदू म्हणाला.

"येगळी. वढ्यापल्याड आपलं खोपटं हाय न्हवं. तुमी ते गाठोडं सोडा."

"आये, लोक म्हणतील पोरानं आईला भाईर काढली."

"लोकांकडं म्या बघती."

आणि तिनं बघितलं. त्या माश्यांचं मडकं डोक्यावर घेऊन ती वाडीच्या मधल्या वाटेनं गेली. विहिरीवरच्या बायकांनी आवाज खाली आणून विचारलं, तेव्हा तिनं वाडीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, "मला कुणी काढली न्हाई. म्या येगळी निघाले." इतक्या ताठ मानेनं तो शब्द त्या वाडीत आजवर कोणी उच्चारला नव्हता. 

खरी परीक्षा मात्र पुढेच होती. खोपटाच्या दारातून ओढ्यापलीकडच्या घराचं छप्पर दिसायचं. सकाळी धूर उशिरा निघाला की गऊबाईला वाटायचं, जाऊन सांगावं. जास्त काळा निघाला तरी वाटायचं, लाकडं ओली लावली असतील, जाऊन सांगावं. एकदा तर ती ओढ्यात पाय घालून उभी राहिली. मग आपल्या मडक्याकडे बघून माघारी फिरली. ती म्हातारी राणी नव्या घरात पुन्हा पहिल्यापासून पोळं बांधून घेत होती. जुन्या मडक्याकडे ती एकदाही वळली नव्हती. घर सोडणं एका दुपारचं काम होतं, पण घरातून हात काढून घेणं गऊबाईला फार जड गेलं. तरी तिनं ते केलं.

तिकडे घरात साळूच्या भाकरी करपत होत्या, पुढे करपेनाशा झाल्या. मध काढायला साळूनं थोडा उशीर केला, पण काढला तो नीट.

ज्येष्ठ लागला. एका दुपारी साळू ओढा ओलांडून आली. पोट चांगलं मोठं झालं होतं, चालताना तिला धाप लागत होती. ती खोपटाच्या दारात पदर सावरून उभी राहिली, सासूसमोर उभी राहायची तशी.

"आत्या, इचाराय आले हुते. बाळतपणाला तुमी माज्याजवळ येशीला का?"

गऊबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात असती, तर हे तिला कोणी विचारलंच नसतं. तिनंच ठरवलं असतं, आणि सुनेला तिथं आपण हव्या आहोत की नको हे तिला जन्मात कळलं नसतं.

"येते की," ती म्हणाली. मग तिनं आपल्या हातानं घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी आणलं आणि म्हणाली, "बस."

साळू बसली. लग्न होऊन ती त्या घरात आल्यापासून सासूसमोर कधी बसली नव्हती, आणि गऊबाईनंही तिला कधी बस म्हटलं नव्हतं. दोघी ऊन उतरेपर्यंत बोलत राहिल्या.

तात्पर्य: भरल्या घराला वेगळं व्हायची वेळ येतेच. तेव्हा ज्याच्या हाती सगळं आहे त्यानं ते मोकळ्या मनानं पुढच्याच्या हाती द्यावं आणि आपला हात काढून घ्यावा. मग माणसं वेगळी राहतात, पण दुरावत नाहीत.