कातण्याची नक्षी

भांडी माणसांशी बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायचीसुद्धा, त्या काळची ही गोष्ट. मालतीकाकूंच्या स्वयंपाकघरात करंज्यांच्या कडा कापायचं एक पितळी कातणं होतं. वर्षभर ते खणात काळं पडायचं आणि दिवाळीलाच बाहेर यायचं, त्यामुळे त्याला हौस फार.

त्या वर्षी व्याही फराळाला येणार होते. काकूंनी तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावून पापुद्र्यांच्या तिखट मटारकरंज्या करायला घेतल्या. लाटणं पारी लाटून द्यायचं, काकू सारण भरून, दुधाचं बोट लावून कडा दाबायच्या आणि कातणं एकदा कडेवरून फिरलं की करंजी तयार.

"अजून एकदा फिरवा," कातणं म्हणालं. "नक्षी नीट उठली नाही."

काकूंनी फिरवलं. नक्षी सुरेख उठली, म्हणून कातण्याला आणखी एक फेरी हवीशी वाटली. मग आणखी एक.

"अरे, दाबलेली कड सगळी कापली गेली की," लाटणं म्हणालं. "आता करंजी मिटून राहणार कशी?"

"तू रोजच्या पोळ्या लाट," कातणं म्हणालं. "सणासुदीतलं तुला काय कळतंय."

करंज्या तेलात पडल्या आणि एकेक करत उमलल्या. मटार कढईभर पोहायला लागले. तेवढ्यात दारात व्याह्यांच्या चपला वाजल्या. काकूंनी कपाळाला हात लावला.

झाऱ्यानं एक रिकामा पापुद्रा उचलला, निथळू दिला आणि कातण्यासमोर धरला.

"नक्षीला नाव ठेवायला जागा नाही हो," तो म्हणाला. "करंजी तेवढी राहिली नाही."